आईच्या आतड्यात माशाचा काटा, आणि चार दिवस कुणालाच पत्ता नाही

समुद्रफेन | सोमवार, रात्री १०:१२

बारा दिवस इथे फिरकले नाही. कारण आई. आता ती घरी आली आहे, पेज पितेय, वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवतेय, म्हणजे बरी आहे. म्हणून आता बसून लिहितेय.

आई ६८ वर्षांची, अलिबाग तालुक्यात राहते. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. तीन वर्षांपूर्वी वरची पूर्ण कवळी बसवली. मंगळवारी संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, गॅसची गोळी आणि पित्ताचं इंजेक्शन दिलं. बुधवारी दुखणं सरकून उजव्या बाजूला खाली आलं. ताप ९९.५, म्हणजे नसल्यातच जमा. सोनोग्राफीत "अपेंडिक्स दिसत नाही, उजवीकडे थोडं पाणी" असं आलं. उभं राहून काढलेला पोटाचा एक्स-रे नॉर्मल. पांढऱ्या पेशी १४,२००. गुरुवारी "अपेंडिक्सच असावं, सूज औषधाने उतरते का बघू" म्हणून सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं, आणि खरंच जरा उतार पडला. शुक्रवारी पहाटे पुन्हा कळ, पोट कडक. तसंच उचलून नवी मुंबईला नेलं.

तिथे सीटी स्कॅन झाला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात साधारण तीन सेंटिमीटरचं काहीतरी पांढरं, सुईसारखं. आजूबाजूला सूज आणि हवेचे दोन बारीक बुडबुडे. तरुण सर्जन बाहेर आले आणि मला पहिला प्रश्न विचारला, "आई मासे खातात का?"

अलिबागच्या बाईबद्दल हे विचारणं म्हणजे पंढरपुरात विचारणं की विठोबाला ओळखता का.

त्याच दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन. काटा निघाला, छिद्राला टाके घातले, सहाव्या दिवशी घरी सोडलं. काटा एका छोट्या बाटलीत घालून आमच्या हातात दिला.

माझे प्रश्न साधे आहेत. तीन सेंटिमीटरचा काटा घशाखाली जातो आणि माणसाला कळत नाही? एवढ्या तपासण्या होऊन चार दिवस का लागले? आणि आई रोज बांगडा मागतेय, तिला काय सांगू?

---

खवैया_ठाणे | सोमवार, रात्री १०:३१

बापरे. काळजी घ्या. मी आत्ताच मांदेली तळून खाऊन बसलोय. मांदेली आम्ही काट्यासकटच खातो. आता झोप लागेल असं वाटत नाही.

---

शंकासुर | सोमवार, रात्री १०:४८

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा निष्काळजीपणा आहे. एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, रक्त झालं, पैसे घेतले, आणि निदान चौथ्या दिवशी? पहिल्याच दिवशी सीटी का नाही? तक्रार करा.

---

सुरीवाला | सोमवार, रात्री ११:२०

मी जनरल सर्जन आहे, २२ वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी पोटं उघडतोय. समुद्रफेन, आई सुखरूप घरी आल्या हे वाचून बरं वाटलं. शंकासुर, तुमचं उत्तर शेवटी देतो. ते तुम्हाला पूर्ण आवडणार नाही आणि डॉक्टर मंडळींनाही नाही.

आधी पहिला प्रश्न. काटा गिळला हे आठवत नाही, हेच या आजाराचं सगळ्यात फसवं अंग. अशा ज्या रुग्णांची मी ऑपरेशनं केली, त्यातल्या बहुतेकांनी आधी ठामपणे "नाही" सांगितलं होतं. तुमच्या आईच्या बाबतीत कारण तुम्हीच लिहून टाकलंय: वरची कवळी. आपण घास चावताना काटा ओळखतो तो दातांनी कमी आणि टाळूने जास्त. कवळीची प्लेट टाळू झाकते, म्हणजे पहारेकरी झोपवून ठेवल्यासारखं. दारू प्यायलेली माणसं, बोलत बोलत भराभर जेवणारी माणसं, लहान मुलं यांचंही तसंच. म्हणून "काटा गिळला का?" असं विचारून उपयोग नाही. "गेल्या दोन-तीन आठवड्यांत मासे, कोंबडी, टूथपिक टोचलेलं काही खाल्लं का? कवळी आहे का?" असं विचारावं लागतं.

आता पोटात काय होतं ते. घसा आणि अन्ननलिका ओलांडून जठरात पोचलेल्या गिळलेल्या वस्तूंपैकी ८० ते ९० टक्के आपसूक शौचावाटे निघून जातात. १० ते २० टक्के एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, काढाव्या लागतात. ऑपरेशनची पाळी साधारण १ टक्क्याच्या आसपास येते. टोकदार वस्तूंचं प्रमाण याहून वाईट, तरी माशाचे बहुतेक काटे निमूट निघून जातात, नाहीतर कोकणपट्टी ओस पडली असती. आतड्याला स्वतःची एक हुशारी असते. आतल्या अस्तराला टोक टोचलं की ती जागा आत दबते आणि आतड्याच्या हालचालीने वस्तू हळूहळू फिरून बोथट बाजू पुढे होते. एक्सनर नावाच्या संशोधकाने १९०२ च्या सुमारास हे दाखवलं, त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. पण जिथे वाट अरुंद आहे किंवा वळण कडक आहे, तिथे ही हुशारी अपुरी पडते. लहान आतडं मोठ्याला मिळतं तो भाग, म्हणजे अपेंडिक्सच्या अगदी शेजारी, ही एक जागा. मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणाचा भाग, गुदाशयाच्या वरचा, ही दुसरी. तुमच्या आईचा काटा पहिल्या जागी अडकला, म्हणून दुखणं हुबेहूब अपेंडिक्ससारखं.

बाकीचं उद्या. सकाळी सातला ऑपरेशन आहे.

---

वेंगुर्लेकर | मंगळवार, सकाळी ७:०५

आमच्याकडे काटो अडाकलो की भाताचो गोळो गिळूक सांगतत. माझो आजो केळा खाय. काटो गेलो काय ता देवाक म्हायत.

(मराठीतून: डॉक्टर, हे बरोबर की चूक, एकदाच सांगून टाका. घरी बायको भाताचा गोळा घेऊन उभी असते.)

---

आजी_ऑनलाइन | मंगळवार, सकाळी ८:४०

बरोबरच आहे ते. आम्ही भाकरीचा कोरडा तुकडा गिळायचो. वर इसबगोल. साठ वर्षांत काही झालं नाही.

---

काळापांढरा | मंगळवार, दुपारी १:१५

मी रेडिऑलॉजिस्ट. एक्स-रे आणि सोनोग्राफीबद्दल माझ्याकडून.

माशाचा काटा एक्स-रेत दिसेलच असं नाही. काही माशांच्या काट्यात चुना (कॅल्शियम) भरपूर असतो, काहींचा काटा जवळजवळ पारदर्शक. हाँगकाँगमध्ये काटा गिळलेल्या ३५८ रुग्णांचा एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात साध्या एक्स-रेने काटा पकडण्याचं प्रमाण फक्त ३२ टक्के निघालं. आणि तो अभ्यास घशातल्या काट्यांचा होता, जिथे मांस कमी आणि चित्र स्वच्छ. पोटात चरबी, पाणी, विष्ठा, मणक्याची सावली यांच्या गर्दीत तो दिसण्याची आशा आणखी कमी.

दुसरी गोष्ट: "आतड्याला भोक पडलं तर छातीच्या पडद्याखाली हवा दिसतेच" हे आपण अल्सर फुटण्याच्या उदाहरणातून शिकलेलो असतो. अल्सर फुटतो तेव्हा हवा फसकन बाहेर येते. काटा मात्र तासांनी, कधी दिवसांनी भिंतीतून आरपार जातो. तोवर शेजारची आतडी आणि चरबीचा पडदा येऊन त्या जागी चिकटलेले असतात. हवा गळते ती थेंबभर. म्हणून आईंचा उभा एक्स-रे नॉर्मल आला. तो चुकीचा वाचला गेला असेल असं नाही, त्यात दिसण्यासारखं फारसं नव्हतंच.

सोनोग्राफीत कधी कधी काटा चमकदार रेघेसारखा सापडतो, पण मधे गॅस आला की संपलं.

सीटी हाच खरा मार्ग. तिथेही एक गोम आहे. जाड छेदात काटा एखाद्या ठिपक्यासारखा दिसतो आणि रक्तवाहिनी समजून सुटतो. पातळ छेद घेऊन, चित्र त्याच्या लांबीच्या दिशेने फिरवून पाहिलं की रेघ उमटते. तोंडाने पाजायचं पांढरं औषध अशा वेळी टाळलेलं बरं, कारण त्या पांढऱ्यात पांढरा काटा बुडून जातो. आणि छिद्राची शंका असेल तर बेरियम (असंच एक पाजायचं पांढरं औषध) अजिबात नाही, पोटात सांडलं तर प्रकरण हाताबाहेर जातं.

शेवटचं म्हणजे चिठ्ठी. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ चिठ्ठ्यांवर फक्त "पोटदुखी" लिहिलेलं असतं. "कवळी, मासे खातात, काटा?" एवढं लिहून पाठवलं तर मी त्या दोन सेंटिमीटरच्या जागेत पाच मिनिटं जास्त घालवीन. नवी मुंबईच्या सर्जननी सीटीनंतर मासे विचारले. आधी कुणी विचारले असते तर?

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी १:४०

म्हणजे मी बरोबर होतो.

---

सुरीवाला | मंगळवार, रात्री ९:५५

शंकासुर, अर्धे. ६८ वर्षांची मधुमेही बाई, उजवीकडे दुखणं, पेशी वाढलेल्या, सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसत नाही. मी असतो तर बुधवारी रात्रीच सीटीला पाठवलं असतं, आणि ते काट्याच्या शंकेने नव्हे. या वयात अपेंडिक्स असं गृहीत धरणंच धोक्याचं, कारण आतड्याची गाठ, क्षयरोग, मोठ्या आतड्यावरच्या फुग्यांची सूज सगळं तिथेच दुखतं. मधुमेह आणि वय असलं की ताप आणि वेदना दोन्ही खोटं बोलतात. ९९.५ बघून कुणीही फसेल. पण "अपेंडिक्स असावं" हा विचार मूर्खपणाचा नव्हता. अँटिबायोटिकने उतार पडला, त्याने डॉक्टरांनाही आणि घरच्यांनाही आणखी एक दिवस गुंगवलं. सूज तात्पुरती बसते, काटा तिथेच असतो. तालुक्याच्या ठिकाणी सीटी किती वाजेपर्यंत चालू असतो आणि रिपोर्ट कुठून येतो, हेही हिशेबात धरा. तक्रार करायची की नाही ते कुटुंबाने ठरवावं.

वेंगुर्लेकर, आजी: भाताचा गोळा, केळं, भाकरी, सगळं बंद. घशात अडकलेला काटा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुतलेला असतो. घास ढकलला की तो एकतर आणखी खोल रुततो किंवा खाली अन्ननलिकेत जातो, आणि तिथली भिंत फाटली तर पू छातीत पसरतो. ते आतड्यातल्या छिद्रापेक्षाही भयंकर. काटा टोचतोय असं वाटलं तर खाणं थांबवून सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. बहुतेकदा आरसा, दिवा आणि चिमटा एवढ्यावर काम होतं. साठ वर्षं काही झालं नाही याचं कारण वर दिलेले ८० ते ९० टक्के. आणि गिळलेली वस्तू टोकदार असेल तर जुलाबाचं औषध घेऊ नका, उलटीही काढू नका.

टोकदार वस्तू जठरात किंवा त्याच्या लगेच पुढच्या भागात असेपर्यंत, शक्यतो २४ तासांच्या आत, एंडोस्कोपीने काढता येते. त्यापुढे गेली तर रोज पोट तपासायचं, धातू असेल तर रोज एक्स-रे, आणि तीन दिवस एकाच जागी बसून राहिली तर ऑपरेशनचा विचार. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू पक्वाशयाचं, म्हणजे जठराच्या लगेच पुढच्या भागाचं, वळण सहसा घेऊ शकत नाही आणि अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद वस्तू जठरातून बाहेर पडायच्या दारातच अडते. हे आकडे आम्ही तोंडपाठ ठेवतो.

---

सईची_आई | मंगळवार, रात्री १०:२०

काटा नाही, पण याच गल्लीतलं. माझी मुलगी चार वर्षांची असताना खेळण्यातले छोटे चकचकीत गोल चुंबक गिळली. किती ते तिला सांगता येईना. आम्ही म्हटलं बारीक मण्यासारखे आहेत, निघून जातील. एक्स-रेत तीन मणी एकाला एक चिकटून माळ दिसली. डॉक्टरांनी त्याच रात्री एंडोस्कोपी केली, दोन जठरात मिळाले. तिसरा पुढे सरकला होता, तो आतड्याच्या दुसऱ्या वेटोळ्यातून ओढत होता. पोट उघडावं लागलं. एक मणी असता तर काही झालं नसतं, असं ते म्हणाले. दोन असले की मधे आतड्याची भिंत चिमट्यात सापडते.

---

सुरीवाला | मंगळवार, रात्री १०:३८

सईची आई, तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं. दोन चुंबकांमधली भिंत रक्त न मिळून मरते, मग तिथे भोक पडतं किंवा दोन वेटोळ्यांना जोडणारा चोरबोगदा तयार होतो. मुलाला सुरुवातीला फक्त एखादी उलटी होते, त्यामुळे आपण अपचन म्हणतो. अमेरिकेत अशा चुंबकांवर २०१२ पासून सरकार आणि विक्रेते यांची कोर्टकचेरी चालली आणि २०२२ मध्ये नवे नियम आले.

आणि नाण्यासारखी चपटी बॅटरी. ती आतड्यात जाण्याची वाटही बघायची नाही. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जाळते. एक्स-रेत नाण्याला एक कडा दिसते, बॅटरीला दुहेरी. एक वर्षावरच्या मुलाला दवाखान्यात नेताना, गिळून बारा तास झाले नसतील तर, दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा असं अमेरिकेतलं विषबाधा केंद्र सांगतं. पण मधासाठी दुकानात जाऊन वेळ घालवू नका. वर्षाखालच्या बाळाला मध नाही.

---

फिलाडेल्फियाचा_बंड्या | बुधवार, सकाळी ६:५०

इकडच्या म्युटर म्युझियममध्ये, म्हणजे वैद्यकीय वस्तूंच्या संग्रहालयात, एक कपाट आहे. खण उघडला की आत ओळीने लावलेली बटणं, टाचण्या, नाणी, काटे, खेळण्यातली चिमुकली दुर्बीण. शेव्हालिअर जॅक्सन नावाच्या घशाच्या सर्जनने माणसांच्या घशा-फुप्फुसातून काढलेल्या २,३७४ वस्तू, प्रत्येक जपून ठेवलेली. त्याचं एक वाक्य इथले डॉक्टर अजून म्हणतात म्हणे: टोक पुढे असेल तर भोसकतं, टोक मागे असेल तर नाही. माझी बायको तिसऱ्या खणानंतर बाहेर जाऊन बसली.

अवांतर: अमेरिकन लेखक शेरवूड अँडरसन १९४१ मध्ये दक्षिण अमेरिकेला जहाजाने निघाला होता. वाटेत पोट दुखायला लागलं, पनामातल्या कोलोन गावी वारला. शवविच्छेदनात टूथपिक सापडली. ऑलिव्हसोबत गिळली असावी असं म्हणतात.

---

काळापांढरा | बुधवार, सकाळी ९:०२

टूथपिक तर आणखी वाईट. लाकूड एक्स-रेत दिसतच नाही आणि दोन्ही टोकं धारदार, म्हणजे जॅक्सनच्या नियमातून पळवाट नाही. पार्टीत पनीर टिक्क्याला टोचलेली काडी आधी काढून बाजूला ठेवा.

आमच्याकडे वरचेवर दिसणारी दुसरी वस्तू सांगतो, घरातल्या आजी-आजोबांसाठी. गोळ्यांची स्ट्रिप कात्रीने कापून एकेक गोळी डबीत ठेवायची सवय. आजोबा अंधारात ती गोळी वेष्टनासकट गिळतात. कापलेले चार कोपरे ब्लेडसारखे असतात. सीटीत गोळी आणि तिच्याभोवती हवेची पोकळी दिसते. ओळखू आली की सोपी, पण आधी डोक्यात यायला हवी.

---

खवैया_ठाणे | बुधवार, सकाळी ९:३०

आमच्या बाबांची डबी अशीच आहे. आत्ता फोन करतो.

---

आजी_ऑनलाइन | बुधवार, सकाळी १०:१५

माझीपण. आणि साडी नेसताना तोंडात सेफ्टी पिन धरते ती गोष्ट वेगळी. सुनेला हे वाचून दाखवणार नाही.

---

समुद्रफेन | बुधवार, दुपारी ४:४४

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. आमच्या शेजारच्या काकांचं आतडं फुटलं होतं टायफॉइडमध्ये, त्यांना पोटाबाहेर शौचाची पिशवी लावली होती सहा महिने. आईला का नाही लावली? ती लपवून ठेवलेली शंका आहे तिची, की "माझं काहीतरी अर्धवट केलंय".

---

सुरीवाला | बुधवार, रात्री १०:१०

अर्धवट काही नाही, आईंना सांगा. ऑपरेशनमध्ये आत काय दिसतं त्यावर सगळं ठरतं.

दुर्बीण आत गेली की आधी ओमेंटम दिसतं, चरबीचा पडदा. त्याला आम्ही पोटातला पोलीस म्हणतो, गडबड असेल तिथे जाऊन चिकटतो. तो जिथे गोळा झालाय तिथे हळूच सोडवत गेलं की लालबुंद आतडं आणि त्यातून डोकावणारं काट्याचं टोक दिसतं. काटा काढणं दोन मिनिटांचं काम. खरं काम पुढे. काट्याने समोरच्या भिंतीलाही टोचलंय का ते बघायचं, आणि आतडं या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताळून तपासायचं. छिद्र लहान, कडा तजेलदार, घाण फारशी पसरलेली नाही, तर कडा थोड्या कातरून आडवे टाके घालायचे. उभे घातले तर आतड्याचा बोळ अरुंद होतो. मग कोमट सलाईनने धुवून काढायचं, गरज वाटली तर नळी ठेवायची. आईंचं हेच झालं असणार.

कडा काळवंडलेल्या, सूज फार, किंवा दोन छिद्रं जवळजवळ असतील तर तो तुकडा काढून दोन टोकं जोडतो. पोटभर विष्ठा आणि पू, रक्तदाब कोसळलेला, जोडलेलं टिकणार नाही अशी भीती, तेव्हा पिशवी. टायफॉइडमध्ये आतड्याचा मोठा पट्टाच खराब झालेला असतो, एक टाका धरला तर शेजारी दुसरं भोक पडतं. काकांना पिशवी लावणाऱ्या सर्जनने त्यांचा जीव वाचवला. दोन्ही बरोबर.

सगळ्यांना चाकू लागतोच असंही नाही. काटा मोठ्या आतड्याच्या शेवटी असेल, पोट मऊ असेल, रुग्ण स्थिर असेल तर कोलोनोस्कोपीतून (गुदद्वारातून दुर्बीण घालून) काढून अँटिबायोटिकवर भागतं. उलट मी एका गृहस्थांच्या यकृतातला पू दोन वेळा काढलेला पाहिलाय. दोन्ही वेळा पू गेला, ताप गेला, महिन्याने परत हजर. तिसऱ्यांदा सीटी नीट बघितल्यावर जठरातून यकृताच्या डाव्या भागात घुसलेला काटा दिसला. तो काढल्यावर थांबलं.

बांगड्याचं म्हणाल तर टाके निघेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. नंतर खुशाल, पण काटे काढून देणारं कुणीतरी शेजारी बसवा. ताप, पोट फुगणं, नवीन कळ, यांपैकी काहीही आलं तर फोनवर विचारत बसू नका, सरळ घेऊन जा.

---

लेखाजोखा | बुधवार, रात्री १०:५२

खर्चाबद्दल कुणी बोललं नाही. ज्यांना लागू असेल त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय आहे का ते दाखल होतानाच विचारावं. तिथे योजनेची माहिती देणारे आरोग्यमित्र बसलेले असतात. बिल झाल्यावर विचारलं तर काही होत नाही, स्वानुभव.

---

समुद्रफेन | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

आता ऐका. काल डॉक्टरांचं वाचून आईला बाटली दाखवली. तिने आधी चष्मा पुसला, मग बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि उलटी-सुलटी करून पाहिली. वहिनी म्हणाली सुरमई असेल, कारण दुखायला लागलं त्याच्या आदल्या रात्री सुरमई होती. आई म्हणाली, "सुरमई? डोळे आहेत का तुला? हा जिताडा. बरगडीचा काटा आहे, बाक बघ."

आणि जिताडा आमच्या घरी महिन्याभरात आलेलाच नाही. मग तिलाच आठवलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात रविवारी ती पोयनाडला माहेरी गेली होती. मामाच्या शेततळ्यातला जिताडा. जेवायला बसले आणि वीज गेली. मोबाइलच्या उजेडात जेवले सगळे. "घास जरा टोचला खरा," ती म्हणते, "पण भावजयीसमोर कशाला बोलायचं."

रविवार ते पुढच्या आठवड्यातला मंगळवार, म्हणजे नऊ दिवस.

---

वेंगुर्लेकर | गुरुवार, संध्याकाळी ६:३३

आवशीक माझो नमस्कार सांगा. सीटी स्कॅनाक जमला नाय ता तिना चष्म्यात केल्यान.

---

काळापांढरा | गुरुवार, रात्री ८:००

मान्य. रिपोर्टमध्ये आम्ही "बहुधा काटा" एवढंच लिहितो.

---

सुरीवाला | गुरुवार, रात्री ९:४७

नऊ दिवस बसतात हिशेबात. गिळणं आणि दुखणं यांच्यात आठवडा-दोन आठवडे जाणं नेहमीचं, म्हणूनच आदल्या रात्रीची सुरमई पकडली जाते आणि जिताडा सुटतो. आईंच्या डिस्चार्ज कार्डावर "काटा गिळल्याचा इतिहास नाही" असं लिहिलेलं असेल बघा.

---

समुद्रफेन | गुरुवार, रात्री ९:५८

तसंच लिहिलंय, शब्दशः. शनिवारी टाके काढायला जायचंय. आई म्हणते, बाटली बरोबर घेऊन जाऊया आणि त्या पोराला सांगूया. नेऊ का?

---

सुरीवाला | गुरुवार, रात्री १०:०३

न्या. आणि मासळीचं नाव त्याच्याकडून कार्डावर लिहून घ्या.

---

समुद्रफेन | गुरुवार, रात्री १०:०६

आई विचारतेय, जिताडा हे इंग्रजीत कसं लिहिणार तो?